रिलिव्हर आला नाही

हे वाचून धीर येईल असं माझ्याकडे काही नाही, ते आधीच सांगून टाकते. माझ्या वडिलांची स्मृती गेली आहे आणि ती परत येणार नाही. सात महिन्यांपूर्वी मी त्यांना रिहॅबमधून काढून एका असिस्टेड लिव्हिंगच्या घरात नेऊन ठेवलं. नेण्याच्या दिवशी मी एक हुशारी केली. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी माझं कौतुक केलं. ती हुशारी निदान तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी लिहायला बसले आहे.

मी रायपूरला तात्यापाऱ्यात राहते, मंत्रालयात नोकरी करते. राज्य नवं होतं तेव्हा ऑफिस गावातच होतं, जेवायला घरी येता यायचं. मग मंत्रालय नव्या राजधानीत गेलं आणि आमच्या सकाळी स्टाफ बसच्या मागे धावण्यात जायला लागल्या. घरी नवरा विलास, मुलगी ईशा आणि आई गेल्यापासून बाबा. मी एकुलती एक. बाबांचं करायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. काय करावं लागेल ते माहीत नव्हतं.

शंभर पावलं

बाबा मूळचे वर्धेकडचे, रेल्वेत स्टेशन मास्तर. रायपूर ते गोंदिया या पट्ट्यात, जिथे एक्सप्रेस गाड्या नुसती धूळ उडवून निघून जातात अशा लहान लहान स्टेशनांवर त्यांची नोकरी झाली. स्टेशनची खोली आणि आमचं क्वार्टर यांच्यात शंभरेक पावलांचं अंतर असायचं. दुपारचा डबा घेऊन मी जायचे.

त्यांच्या नोकरीत एक नियम होता. वेळ संपली म्हणून खुर्ची सोडायची नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आला पाहिजे. तो आला की जाणारा एकेक गोष्ट सांगणार आणि येणारा ती जशीच्या तशी परत म्हणणार. चाव्या तीन, टेबलावर. रजिस्टर पूर्ण. लाइनवर गाडी नाही. दिवे लागले. मग वहीत दोघांच्या सह्या, एकाची 'चार्ज दिला' म्हणून, दुसऱ्याची 'चार्ज घेतला' म्हणून, आणि खाली वेळ. रिलिव्हर आलाच नाही तर बसून राहायचं, आठ तासांचे सोळा झाले तरी. मी डबा घेऊन दारात उभी असायचे, त्यामुळे हे सगळं मला पाढ्यांसारखं पाठ होतं.

माझा जन्म क्वार्टरातच झाला. आईचं अडलं होतं, सुईण घाबरून गेली होती. नेमकी त्या दिवशी रिलिव्हरची पॅसेंजर चुकली. चौदा तास बाबा शंभर पावलांवरच्या खुर्चीत बसून होते आणि पोर्टरच्या हाती एकच निरोप पाठवत होते, "येतो म्हणावं. रिलिव्हर आला की येतो." आई हे वाक्य पुढे जन्मभर त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची. पाहुण्यांसमोर, लग्नाच्या मांडवात, अगदी शेवटच्या आजारपणातसुद्धा. बाबा हसून बाजूला व्हायचे. आईला नंतर मूल झालं नाही. मी त्या चौदा तासांचा राग पन्नाशीपर्यंत धरून होते, जणू मला ते आठवत होते.

नाव सांगितलं तो दिवस

सुरुवात गमतीत झाली. गॅस सिलिंडर आला, बाबांनी पावतीवर सही केली आणि वर लिहिलं, 'चार्ज घेतला'. सिलिंडरवाला हसला, आम्हीही हसलो. पंधरा दिवस ती पावती फ्रिजवर चिकटवून ठेवली होती आम्ही. मग ते सदर बाजारातून घरी यायचा रस्ता विसरले, तेव्हा पावती काढून टाकली.

डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. त्यांनी हिंदीत विचारलं, "दादाजी, कुछ याद हो तो सुनाइए." बाबांनी रायपूरपासून गोंदियापर्यंतची स्टेशनं म्हणून दाखवली, एकही न गाळता, आणि मग तीच उलट्या क्रमाने. डॉक्टर "वाह" म्हणाले. विलासने माझ्याकडे पाहून मान डोलवली, म्हणजे बघ, आपण उगीच घाबरत होतो.

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "और ये कौन हैं?"

बाबा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग अगदी अदबीने, हिंदीत म्हणाले, "ये तो मॅडम खुद बताएँगी."

पुढे डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, ते मी कागदावर लिहून घेतलं. मी एवढंच विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, दिवस नाही, वर्षं. तेव्हा मला ती चांगली बातमी वाटली. बाहेर आल्यावर बाबांनी ऑटोत मला विचारलं, "वंदे, तुले बरं नाही का? डॉक्टरकडे काहून आलतो आपण?" नाव बरोबर घेतलं होतं. मी रडले, आणि ऑटोवाला आरशातून बघतोय म्हणून रडणं आवरलं.

रिहॅब

मधली दोन वर्षं मी लिहीत नाही. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना ती माहीत आहेत, आणि इतरांना सांगून कळणार नाहीत. विलासने त्या दोन वर्षांत बाबांना अंघोळ घातली, त्यांचे कपडे बदलले, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. एवढं लिहायलाच हवं, कारण पुढे नातेवाइकांनी त्याला फार बोल लावले.

एका दुपारी घरात ईशा एकटी होती. ती आतल्या खोलीत अभ्यास करत असताना बाबा जिना उतरून बाहेर पडले. ऑटोवाल्याला म्हणाले, स्टेशन. त्याने स्टेशनवर सोडलं, त्याची काय चूक? बाबा प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत गेले, उतारावरून खाली गेले आणि रुळांच्या कडेच्या गिट्टीवर पडले. हातात ईशाची हिरवी ओढणी होती. मालगाडीला झेंडा म्हणून दाखवायला नेली होती.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे रिहॅब. सकाळी दोन दांड्यांच्या मध्ये उभं करायचं, दहा पावलं टाकून घ्यायची, चार वाजता चहा, पुन्हा दहा पावलं. फिजिओथेरपीच्या सिस्टर भल्या बाई होत्या. बाबांना ते सगळं स्टेशनच वाटत होतं. उशाशी असलेल्या टेबलावर चाव्या शोधायचे. मी ऑफिसमधून तिथे पोचायचे तेव्हा विचारायचे, "डबा आणला काय वो पोट्टे?" म्हणजे मी त्यांच्या लेखी आठ वर्षांची होते. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. घरी मी कोणाचीच पोट्टी नव्हते आता.

सहा आठवड्यांनी रिहॅबवाल्यांनी सांगितलं, जेवढी सुधारणा व्हायची होती तेवढी झाली. आता यांना चोवीस तास माणूस लागेल आणि जिना नको. आमचं घर तात्यापाऱ्यातलं जुनं, खाली दुकान, वर आम्ही, मधला जिना असा उभा की सिलिंडरवालासुद्धा दोनदा थांबतो. विलास त्या संध्याकाळी जेवला नाही. म्हणाला, "मले त्याईले कोठी टाकायचं नाही वंदे. पण मले आता उचलता येत नाही. कंबर गेली माही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याच्यावरच ओरडले, का ते मला आजही सांगता येणार नाही.

पुरानी बस्तीतल्या आत्याचा फोन आला. "बापाले आश्रमात टाकून राहिली म्हणे तू? लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, आत्या, तुम्ही घेऊन जा. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

नव्या राजधानीत म्हाताऱ्यांना सांभाळणारं एक घर सापडलं. खाली-वर जिने नाहीत, दाराला कुलूप, कायम कोणीतरी जागं. माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटं. जेवणाच्या सुट्टीत रोज जाता येईल, असं मी विलासला सांगितलं, ईशाला सांगितलं, आत्यांना सांगायला मिळालं नाही म्हणून स्वतःलाच दोनदा सांगितलं. खोली मी निवडली. मोठी खिडकी होती, उजेड चांगला होता.

हुशारी

न्यायच्या दिवशी बाबा खाटेवरून उठेनात. दोन्ही हातांनी खाटेचा कठडा धरून बसले. खाली गाडी उभी, बाहेर बाकावर दुसरा पेशंट आपल्या पिशव्या घेऊन वाट बघत बसलेला. सिस्टरने समजावलं, विलासने समजावलं, मग विलासचा आवाज चढला. बाबा एकच म्हणत होते, "मी उठीन कसा? हिकडं कोण हाय? मले खुर्ची सोडता येत नाही, समजत काहून नाही तुमाले?"

मला एकदम सुचलं. मी समोर ताठ उभी राहिले आणि म्हटलं, "मी रिलिव्हर आहे. चार्ज द्या."

बाबांचे हात सैल झाले. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मग एकेक सांगायला लागले आणि मी परत म्हणायला लागले. चाव्या तीन, टेबलावर. रजिस्टर पूर्ण. लाइनवर गाडी नाही. दिवे लागले. माझा एक शब्द चुकला नाही. व्यायामाच्या तक्त्याच्या पाठीमागे त्यांनी लिहिलं, 'चार्ज दिला', खाली सही, अकरा-वीस. मी लिहिलं, 'चार्ज घेतला'. आणि दोन माणसांना न उठवता आलेले बाबा सिस्टरच्या एका हाताच्या आधाराने उभे राहिले.

उभे राहून म्हणाले, "चला. आता घरी जातो."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सुटलेला माणूस घरी जातो. खाली उभी असलेली गाडी घरी जाणार नव्हती. मी क्षणभरच थांबले असेन, आणि तोंडातून निघून गेलं, "घरी नाही साहेब. तुमची बदली झाली आहे. नवीन स्टेशन आहे, आज दुपारच्या पाळीला तिथे माणूसच नाही. तुम्हाला जावं लागेल."

बाबांनी तक्रार केली नाही. "माणूस नाही? मंग चला लवकर," एवढंच म्हणाले आणि वॉकर घेऊन माझ्यापुढे चालू लागले. सिस्टरने टाळ्या वाजवल्या. बाकावरच्या पेशंटची बायको मला म्हणाली, "दीदी, आपने तो कमाल कर दिया." मला अभिमान वाटला. खूप दिवसांनी मला काहीतरी जमलं होतं. गाडीत विलासने माझा हात धरला, तोही हसत होता. फक्त घरी आल्यावर सगळं ऐकून ईशा म्हणाली, "आई, वहाँ से नाना की छुट्टी कब होगी? ये सोचा आपने?" मी तिला गप्प केलं.

खिडकी

नव्या राजधानीचे रस्ते तुम्ही पाहिले असतील तर तुम्हाला कळेल. आठ गाड्या शेजारी शेजारी जातील एवढे रुंद, आणि माणूस नाही. मी हौसेने निवडलेल्या खिडकीतून एक चौक दिसतो. त्या चौकात सिग्नल आहे. दिवसभर लाल, हिरवा, पिवळा, लाल. खालून जाणारं कोणी नाही.

बाबांनी खुर्ची खिडकीशी ओढून घेतली आणि ड्यूटी सुरू केली. सिग्नल हिरवा झाला की वहीत वेळ लिहायची, लाल झाला की लिहायची. वही मीच दिली होती, मन रमेल म्हणून. तो सिग्नल थांबत नाही आणि बाबा उठत नाहीत.

पहिल्या आठवड्यात आम्हाला वाटलं, छान रमले. दुसऱ्या आठवड्यात देवकीने मला दारातच गाठलं. देवकी त्यांना सांभाळणारी बाई, माझ्याच वयाची, आरंगकडची. म्हणाली, "दीदी, बाबूजी सुतबेच नइ करय." झोपतच नाहीत. खाटेवर नेलं की झटापट करतात, पुन्हा खुर्चीत येतात. बसल्या बसल्या डोळा लागेल तेवढीच झोप. इतर म्हातारे टेबलावर जेवतात, हे जात नाहीत, ड्यूटीवर आहेत. लघवीला उठत नाहीत, मग कपड्यांत होते आणि लाजेने मान खाली घालतात.

पाय सुजून जड झाले. बसण्याच्या जागी एक लाल चट्टा आला, मग त्याची जखम झाली. डॉक्टर म्हणाले, आडवं करणं फार गरजेचं आहे, नाहीतर ही जखम आत उतरत जाईल. झोपेची गोळी दिली तर दुसऱ्या दिवशी मान छातीवर, तोंडातून लाळ, आणि वॉकर धरताना पडता पडता वाचले. गोळी बंद केली.

मी रोज डबा नेत राहिले. डबा मात्र ते खायचे, क्वार्टरातून आला म्हणून, नजर सिग्नलवर ठेवून. आणि रोज विचारायचे, "पोट्टे, रिलिव्हर आला काय?" मी म्हणायचे, अजून नाही. "येईन," ते म्हणायचे. मलाच समजावल्यासारखे.

मला सांगा, हे कोणाला सांगणार? वेड्या माणसाला खोटी नोकरी लावून मी खुर्चीला बांधून आले होते. दोरी लावली असती तर कोणीतरी सोडवली तरी असती.

चौकीदार

घराच्या मॅनेजर मॅडम म्हणाल्या, आपण कोणाला तरी रिलिव्हर करून पाठवू. गेटवरचा चौकीदार पन्नाशीचा, मिशा भरदार. त्याला पांढरा शर्ट घालून आणला. मी मुद्दाम बाहेर थांबले, दाराच्या फटीतून बघत होते.

बाबा म्हणाले, "चाव्या तीन. टेबलावर."

चौकीदार म्हणाला, "हव बाबूजी."

"रजिस्टर पूर्ण."

"हव, हव."

बाबांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्यांचा जुना आवाज ऐकला मी. "हव क्या? बोलके दिखाओ. क्या बताया मैंने?" तो बिचारा गोंधळला, चाव्या सांगितल्या का दिवे, त्याला काही आठवेना. बाबा त्याच्यावर रागावले नाहीत. त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मला हाक मारून मराठीत हळूच म्हणाले, "नवा हाय. याच्या हातात गाड्या कशा देऊ? माणसं मरतीन."

त्या दिवसापासून ते जास्तच सावध बसायला लागले.

चार्ज

शेवटी मीच ठरवलं. रिहॅबमध्ये मी घेतला होता चार्ज, इथेही घेईन. या वेळी पुढचा विचार करून गेले होते. आईची गोधडी घरून आणली, खाटेवर घातली, देवकीला सांगून ठेवलं की चार्ज झाला की खाटेकडे वळवायचं आणि म्हणायचं, क्वार्टर आलं, पडा थोडं. डबा नेला नाही. डबा आणणारी पोरगी रिलिव्हर कशी असेल?

जेवणाच्या सुट्टीत गेले. समोर ताठ उभी राहिले. त्यांनी सांगितलं, मी परत म्हटलं. चाव्या, रजिस्टर, लाइन, दिवे. वहीत दोघांच्या सह्या झाल्या, तेरा-चाळीस. बाबांनी पेनाला टोपण लावलं, वही माझ्याकडे सरकवली आणि मोठा श्वास सोडला. मला वाटलं, झालं. वाचले.

ते उठले. खाटेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. देवकी "क्वार्टर, बाबूजी" म्हणत राहिली, ते वॉकर घेऊन दाराबाहेर पडले. लांबलचक व्हरांडा चालून गेले, सुजलेल्या पायांनी. रिहॅबमध्ये दहा पावलांना दमणारा माणूस. मी मागे धावले. ते जाळीच्या दारापाशी पोचले होते आणि कडी शोधत होते. कुलूप हाताला लागलं तसं वळून मला म्हणाले, "बाई, हे उघडा बरं जरा. घरी जायचं हाय. घरी पोट्टी झाली हाय मले. अजून तोंड नाही पाह्यलं तिचं."

मी आठ वर्षांची राहिले नव्हते. मी नुकतीच जन्मले होते.

त्यांचा चेहरा सांगता येणार नाही. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पन्नास वर्षं मी समजत होते की त्या खुर्चीत बसून त्यांना माझी काही पडली नव्हती.

मी म्हटलं, "बाबा, मीच ती. बघा ना. मी वंदना."

ते समजूतदारपणे हसले. "थट्टा नका करू बाई. ते आज सकाळी झाली हाय." आणि पुन्हा कुलपाकडे वळले, ओढून पाहिलं. जोरात ओढलं. जाळी खडखडली. देवकीने माझ्याकडे पाहिलं, तिच्या कमरेला किल्ली होती. मीही तिच्याकडे पाहिलं. दाराबाहेर काय होतं? रिकामा रस्ता. घर तिथून वीस किलोमीटर, जिना उभा, विलासची कंबर गेलेली, आणि मी घरी नेलं असतं तरी ज्या घरी त्यांना जायचं होतं त्या घरातली बाळंतीण जाऊन नऊ वर्षं झाली होती. ते दोन्ही हातांनी जाळी हलवायला लागले. "उघडा ना वो. किती वेळ झाला. तिकडं काय झालं असंन काय मालूम." त्यांचा आवाज फाटला. आईचं अडलं होतं ते त्यांना आठवलं असावं. त्या चौदा तासांत ते खुर्चीत कसे बसले असतील ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

मी देवकीला किल्ली मागितली नाही. मी म्हटलं, "साहेब, चार्ज परत घ्यावा लागेल. मला वरून निरोप आला आहे, मला जायचं आहे. मागे दुसरा माणूस नाही."

जाळीवरचे हात थांबले.

"दुसरा कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

मग त्यांनी वॉकर वळवला. सगळा व्हरांडा परत चालत आले. आता पावलं घासत होती, देवकीने काखेत हात घातला होता. खुर्चीत बसले, जखमेवर बसताना चेहरा आक्रसला. मी सांगायला लागले, ते परत म्हणायला लागले. चाव्या तीन, टेबलावर. रजिस्टर पूर्ण. लाइनवर गाडी नाही. दिवे लागले. मी लिहिलं, 'चार्ज दिला'. त्यांनी लिहिलं, 'चार्ज घेतला', चौदा-पाच. देवकी त्यांच्या पायांखाली स्टूल सरकवत म्हणाली, "गाड़ी लेट हे बाबूजी, गोड़ ला ऊपर कर लव." तेवढे पाय त्यांनी वर घेऊ दिले. आजही तेवढेच घेऊ देतात. या सगळ्यात भलं म्हणावं असं तेवढंच आहे.

तुमच्या घरी कोणाला न्यायची वेळ आली तर न्यायला सोपं जाईल असं काही बोलू नका. ओढाताण झाली तर होऊ द्या, रडारड होऊ द्या. मी त्यांना त्यांच्या शब्दाला धरून नेलं, आणि तो शब्द ते अजून पाळत आहेत.

त्या दिवशी मी निघाले तेव्हा त्यांनी हाक मारली. नजर सिग्नलवरच होती.

"बाई, तुमी क्वार्टराकडून जासान काय?"

मी हो म्हटलं.

"मंग घरी एक निरोप देजा. येतो म्हणावं. रिलिव्हर आला की येतो."

मी नुसती मान हलवली. त्यांनी वळून पाहिलं आणि थांबले. निरोप नीट कळला की नाही, याची त्यांना खात्री हवी होती.

मग मी तो परत म्हणून दाखवला. येतो म्हणावं. रिलिव्हर आला की येतो.